एर्मीट–आदामार असमतेचा विस्तार : नवी नावे आणि नवी प्रमेये

प्रास्ताविक

बहिर्वक्र फलनांच्या समाकल असमता हे गणितीय विश्लेषणातील एक जुने आणि तरीही सतत गजबजलेले क्षेत्र आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या क्षेत्रात जे लेखन झाले, त्याचा फार मोठा भाग एकाच असमतेभोवती फिरतो. आपल्याकडील वर्गांत ती 'हर्माईट-हॅडामार्ड' अशा इंग्रजी वळणाच्या उच्चाराने ओळखली जाते. मूळ फ्रेंच नावे एर्मीट आणि आदामार अशी आहेत. या असमतेची व्यापकीकरणे, परिष्करणे आणि 'प्रकार' देणारे शोधनिबंध भारतातील महाविद्यालयीन अध्यापकांनीही मोठ्या संख्येने लिहिले आहेत. विषयप्रवेशासाठी लागणारी शिदोरी बेताची आहे. पदवी स्तरावरील कलनशास्त्र, खंडशः समाकलन आणि होल्डरची असमता एवढ्यावर काम सुरू करता येते. ग्रंथालय लहान, प्रयोगशाळा नाही, अध्यापनाचे तास भरपूर, अशा परिस्थितीत काम करणाऱ्या अध्यापकाला हा विषय जवळचा वाटावा यात नवल नाही.

मात्र जी गोष्ट विषयाचे दार उघडे ठेवते, तीच त्याला उथळही करू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला आणि प्रकाशित निबंधांची संख्या पदोन्नतीच्या गुणांशी जोडली गेली. पुढे मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आली आणि २०२५ मध्ये आयोगाने ती बंदही केली. नियतकालिकाची पारख यादी करील, ही सोय त्याबरोबर संपली. निबंधाची पारख आता परीक्षकाने आणि वाचकानेच करावयाची आहे. प्रस्तुत लेखात एका मर्यादित क्षेत्रापुरता हा प्रश्न घेतला आहे: एर्मीट–आदामार असमतेच्या विस्तारात खरे नवे काय आहे आणि जुन्याच प्रमेयाला दिलेले नवे नाव कोणते?

असमतेचे स्वरूप

ज्या फलनाच्या आलेखावरील कोणतेही दोन बिंदू जोडणारी जीवा आलेखाच्या खाली कधीच जात नाही, ते फलन बहिर्वक्र होय. अशा आलेखाला कोणत्याही आंतरबिंदूपाशी खालून टेकणारी रेषा काढता येते. या दोन चित्रांतच असमतेचा सगळा आशय आहे. [अ, ब] या अंतरालावर फ हे बहिर्वक्र फलन असू द्या, म हा अंतरालाचा मध्यबिंदू असू द्या आणि फ च्या समाकलाला अंतरालाच्या लांबीने भागून येणाऱ्या सरासरीला स म्हणू. मग

फ(म) ≤ स ≤ (फ(अ) + फ(ब))/२.

मध्यबिंदूशी टेकलेल्या रेषेखालील क्षेत्रफळ घेतले की डावी बाजू मिळते. टोके जोडणाऱ्या जीवेखालील क्षेत्रफळ घेतले की उजवी. फलन रेषीय असेल तर दोन्हीकडे समता येते. संख्यात्मक समाकलनाच्या भाषेत सांगायचे तर बहिर्वक्र फलनासाठी मध्यबिंदूचा नियम नेहमी कमी आणि समलंब चौकोनाचा नियम नेहमी जास्त उत्तर देतो. १ ते २ या अंतरालावर १/क्ष हे फलन घेतल्यास सरासरी म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगरिथम, ०.६९३१. मध्यबिंदूचा नियम ०.६६६७ देतो, समलंब चौकोनाचा ०.७५. अंतरालाचे दोन समान भाग केले की हेच दोन आकडे ०.६८५७ आणि ०.७०८३ असे जवळ येतात. पहिल्या जोडीत मध्यबिंदूची चूक दुसऱ्या नियमाच्या चुकीच्या निम्म्याहूनही कमी आहे. हा योगायोग नव्हे. बहिर्वक्र फलनासाठी मध्यबिंदूची चूक समलंब चौकोनाच्या चुकीहून कधीच मोठी नसते, हेही सिद्ध झालेले आहे.

असमतेचा एक उपयोग अभियंत्यांच्या रोजच्या व्यवहारातला आहे. घातांकी फलनाला ही असमता लावली असता दोन धन संख्यांचा लॉगरिथमीय मध्य, म्हणजे त्यांच्या वजाबाकीला त्यांच्या लॉगरिथमांच्या वजाबाकीने भागून येणारी संख्या, ही भूमितीय मध्य आणि अंकगणितीय मध्य यांच्या दरम्यान असते असे निघते. उष्णता विनिमयकाच्या आराखड्यात दोन टोकांकडील तापमानांच्या फरकांचा हाच मध्य वापरला जातो. एका टोकाला फरक ६० अंश आणि दुसऱ्या टोकाला २० अंश असेल तर लॉगरिथमीय मध्य ३६.४ येतो, साधी सरासरी ४०, भूमितीय मध्य ३४.६. साध्या सरासरीवर विसंबून यंत्र बांधले तर पृष्ठभाग आवश्यकतेपेक्षा सुमारे नऊ टक्के कमी पडेल. चूक कोणत्या दिशेला होणार हे असमता आधीच सांगते. असमतेचे मोल एवढ्यात असते: अचूक उत्तर न देताही ती चुकीची दिशा आणि मर्यादा सांगते.

आणखी एक बाब पाठ्यपुस्तकांत बहुधा राहून जाते. फ संतत असेल आणि वरील दोहोंपैकी कोणतीही एक बाजू प्रत्येक लहानमोठ्या उपअंतरालावर खरी ठरत असेल, तर फ बहिर्वक्र असलेच पाहिजे. म्हणजे ही असमता बहिर्वक्रतेचा केवळ परिणाम नाही, ती बहिर्वक्रतेची दुसरी व्याख्याच आहे. तिच्या 'व्यापकीकरणा'कडे पाहताना हे विसरून चालत नाही.

हरवलेले पत्र

या असमतेचा इतिहास थोडा विलक्षण आहे. शार्ल एर्मीट यांनी २२ नोव्हेंबर १८८१ रोजी 'मथेसिस' या नियतकालिकाला एक पत्र लिहिले आणि त्यातील उतारा १८८३ मध्ये तेथे छापून आला. 'मथेसिस' हे मान्सियों आणि नॉइबेर्ग यांनी १८८१ मध्ये बेल्जियममध्ये सुरू केलेले, प्राथमिक गणिताला वाहिलेले नियतकालिक होते. ही छोटी टिपणी पुढे कोणाच्या ध्यानात राहिली नाही. पिकार यांनी संपादित केलेल्या एर्मीट यांच्या समग्र लेखनातही ती आली नाही. झाक आदामार यांचा रीमान यांच्या फलनासंबंधीचा प्रसिद्ध प्रबंध १८९३ मध्ये प्रकाशित झाला. बेकेनबाख यांनी १९४८ मध्ये बहिर्वक्र फलनांचा आढावा घेतला तेव्हा असमतेचे श्रेय आदामार यांच्याकडेच गेले. मित्रिनोविच यांना १९७४ मध्ये एर्मीट यांची टिपणी सापडली आणि १९८५ मध्ये लात्स्कोविच यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी हा सारा प्रकार उजेडात आणला.

येथे कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अभियंता असलेल्या योहान येन्सेन यांचा बहिर्वक्र फलनांवरील निबंध 'आक्टा माथेमाटिका'त १९०६ साली आला आणि ही संकल्पना स्वतंत्रपणे अभ्यासाचा विषय झाली. म्हणजे असमता आधी, संकल्पनेचे नामकरण पाव शतकानंतर. आजच्या अनेक निबंधांत क्रम उलटा असतो: आधी नव्या वर्गाचे नाव ठरते, मग त्या नावाला साजेशी असमता शोधली जाते, आणि त्या वर्गात कोणते फलन बसते हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही.

फेयेर यांचे प्रमेय आणि अपूर्णांकी समाकल

त्याच १९०६ साली लिपोट फेयेर यांनी या असमतेचे एक व्यापक रूप दिले. साध्या सरासरीऐवजी भारित सरासरी घ्यावी. भार ऋण नसावा आणि तो मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सममित असावा. एवढ्या अटींवर असमतेच्या दोन्ही बाजू जशाच्या तशा खऱ्या राहतात. सिद्धता दोन ओळींची आहे. मध्यबिंदूपासून समान अंतरावरील दोन बिंदूंवरील मूल्यांची सरासरी घेतली, तर ती फ(म) आणि टोकांची सरासरी यांच्या दरम्यान येते. सममित भार अशा जोड्याच एकत्र बांधतो.

आता एका बहुचर्चित निष्पत्तीकडे वळावे. तुर्कस्तानातील सारिकाया आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये रीमान–लिऊव्हील अपूर्णांकी समाकलांसाठी एर्मीट–आदामार असमता मांडली. तिच्या मधल्या पदात डावीकडून आणि उजवीकडून घेतलेल्या दोन अपूर्णांकी समाकलांची बेरीज येते. या निबंधानंतर अपूर्णांकी समाकलांच्या एकेका प्रकाराचे नाव शीर्षकात घेऊन लिहिलेल्या निबंधांची रीघ लागली. परंतु मूळ निष्पत्ती काळजीपूर्वक उलगडून पाहिली तर काय दिसते? अपूर्णांकी समाकलाची घात-कोटी आ असू द्या. डावा समाकल ब या टोकाशी मोजला असता त्यातील भार (ब − क्ष) चा (आ − १) वा घात असतो. उजवा समाकल अ या टोकाशी मोजला असता तो (क्ष − अ) चा (आ − १) वा घात असतो. दोहोंची बेरीज मध्यबिंदूभोवती सममित आहे. तिचा संपूर्ण अंतरालावरील समाकल (ब − अ) च्या आ-व्या घाताच्या दुपटीला आ ने भागून मिळतो आणि निष्पत्तीमधील गॅमा-फलनाचा गुणक नेमका त्याच संख्येचा व्यस्त आहे. म्हणजे मधले पद ही एक सममित-भारित सरासरी आहे आणि सारी असमता ही फेयेर यांच्या प्रमेयाचे एक उदाहरण आहे.

हे सांगण्यामागे कोणाचे श्रेय हिरावण्याचा हेतू नाही. त्या निबंधात चुकीच्या मर्यादा देणारी जी नित्यसमता आहे तिचे काम वेगळे आहे. शिवाय एखादे जुने प्रमेय नव्या भाषेत ओळखणे हेही उपयुक्त असू शकते. पण ओळख पटली आहे हे सांगावयास हवे. ते न सांगता समाकलाचा प्रत्येक नवा प्रकार घेऊन तीच सिद्धता पुन्हा पानभर लिहिणे याला संशोधन म्हणणे कठीण आहे. समाकलातील भार सममित आहे की नाही एवढे परीक्षकाने तपासले तरी अशा निबंधांपैकी बऱ्याच निबंधांचा निकाल लागतो.

चलबदल करून मिळणारे वर्ग

दुसरा प्रकार अधिक सहज ओळखता येतो. इमदात इश्जान यांनी २०१४ मध्ये 'हरात्मक बहिर्वक्र' फलनांसाठी एर्मीट–आदामार असमता दिली. धन संख्यांच्या अंतरालावरील फ या फलनासाठी व्याख्येत दोन बिंदूंच्या भारित सरासरीऐवजी त्यांचा भारित हरात्मक मध्य येतो. असमतेत मध्यबिंदूच्या जागी टोकांचा हरात्मक मध्य येतो आणि समाकलात क्ष च्या वर्गाने भागाकार येतो. सूत्र प्रथमदर्शनी नवे वाटते. मात्र फ हरात्मक बहिर्वक्र असणे म्हणजे फ(१/क्ष) हे फलन १/ब ते १/अ या अंतरालावर साधे बहिर्वक्र असणे, यापेक्षा कमी नाही आणि अधिकही नाही. या दुसऱ्या फलनाला १८८१ ची असमता लावून चल बदलला की नवी असमता अक्षरशः तशीच्या तशी मिळते. क्ष च्या वर्गाचा भागाकार हा चलबदलाचा नेहमीचा गुणक आहे. टोकांच्या भूमितीय मध्यावर आधारलेल्या वर्गाचेही हेच आहे. तेथे व्यस्ताऐवजी घातांकी फलनाने चल बदलावा लागतो.

अशा वर्गांना अर्थ नाही असे नाही. लॉगरिथमीय पट्टीवर आलेख काढण्याची सवय असलेल्या अर्थशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या अभ्यासकाला भूमितीय मध्याचे रूप सोयीचे वाटेल. पण सोय आणि प्रमेय यांत फरक आहे. नकाशाचे प्रमाण बदलल्याने गावे बदलत नाहीत. एखाद्या निबंधात नवा वर्ग मांडला असेल तर तो जुन्या वर्गाशी एकास-एक चलबदलाने जोडता येतो काय, हा प्रश्न पहिल्याच पानावर सुटला पाहिजे. जोडता येत असेल तर पुढील सर्व असमता एका वाक्यात संपतात.

साचा आणि त्याची किंमत

या क्षेत्रातील लेखनाला सध्याचे वळण बहुतांशी ज्या निबंधाने लावले, तो द्रागोमिर आणि रवि अगरवाल यांचा १९९८ चा निबंध होय. द्रागोमिर यांच्या पुढाकाराने मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात असमतांचा अभ्यासगट उभा राहिला आणि पिअर्स यांच्यासह त्यांनी २००० मध्ये या एका असमतेवर स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. १९९८ च्या निबंधातील कल्पना साधी आणि चांगली आहे. टोकांची सरासरी आणि स यांतील फरक खंडशः समाकलनाने अवकलजाच्या समाकलात लिहिता येतो. मग अवकलजाचे केवल मूल्य, म्हणजे |फ′|, बहिर्वक्र आहे असे मानले तर हा फरक

(ब − अ)(|फ′(अ)| + |फ′(ब)|)/८

याहून मोठा नसतो. समलंब चौकोनाच्या नियमाची नेहमीची चूक-मर्यादा दुसऱ्या अवकलजाच्या कमाल मूल्यावर अवलंबून असते. दुसरा अवकलज अमर्याद असेल तर ती निरुपयोगी ठरते. उदाहरणार्थ, ० ते १ या अंतरालावर ज्याचा अवकलज १ − √क्ष आहे असे फलन घ्यावे. दुसरा अवकलज शून्याजवळ अमर्याद आहे, पण १ − √क्ष बहिर्वक्र असल्याने वरील मर्यादा लागू पडते: ती ०.१२५ येते, प्रत्यक्ष चूक ०.०६६७ आहे. येथे असमतेने खरोखर काम केले.

परंतु याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. हे फलन स्वतः बहिर्वक्र नाही, अंतर्वक्र आहे. बहिर्वक्रता लागते ती |फ′| ची. म्हणजे 'एर्मीट–आदामार प्रकारची असमता' असे नाव असले तरी हिचा आणि १८८१ च्या असमतेचा संबंध फक्त मधल्या वजाबाकीपुरता आहे. मूळ असमता रेषीय फलनासाठी समता होते. ही नवी मर्यादा रेषीय फलनासाठी किती येते? ० ते १ वर फ(क्ष) = क्ष घेतल्यास चूक शून्य, आणि मर्यादा १/४. केवल मूल्य घेताना धन आणि ऋण भाग एकमेकांना छेद देतात ही माहिती फेकून दिली जाते, त्याची ही किंमत आहे.

मग १/८ हा गुणक तरी सर्वोत्तम आहे काय? तो गाठण्यासाठी अवकलजाचे चिन्ह मध्यबिंदूपाशी अचानक पालटावे लागेल आणि त्याचे केवल मूल्य कायम राहावे लागेल. |क्ष − १/२| या फलनाचे असे होते, पण ते मध्यबिंदूपाशी अवकलनीय नाही. अवकलज चिन्ह बदलताना मधली सर्व मूल्ये घेतो, तेव्हा त्याला शून्यातून जावेच लागते, आणि |फ′| बहिर्वक्र असल्याने शून्याच्या दोन्ही अंगांना त्याची वाढ जीवेखालीच राहते. ही माहिती वापरून हिशेब केला, |फ′| ला एका टोकाकडून उतरत शून्याला जाणाऱ्या आणि तेथून सपाट राहणाऱ्या साध्या फलनांच्या मिश्रणात मांडले, तर १/८ म्हणजे ४/३२ ऐवजी ३/३२ हा गुणक पुरतो असे दिसते. हा गुणक आणखी कमी करता येत नाही. ० ते १ वर अवकलज १ पासून सरळ रेषेत उतरत क्ष = ३/४ पाशी शून्य होतो आणि पुढे शून्यच राहतो असे फलन घेतले, तर टोकांची सरासरी ६/३२, समाकल ९/३२, फरक नेमका ३/३२. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका दुपारी करता येईल असा हा हिशेब आहे. तो केला की गृहीतकाचा कोणता भाग सिद्धतेत वापरला गेला आणि कोणता वाया गेला हे कळते. या साच्यावर पुढे झालेल्या लेखनाबद्दलची खरी तक्रार हीच आहे. नित्यसमता, मग होल्डर, मग नवा वर्ग, शेवटी 'विशेष मध्यांसाठी उपयोजने' असे प्रकरण; या चार पायऱ्यांत 'गुणक सर्वोत्तम आहे काय' या प्रश्नाला जागाच ठेवलेली नसते. शेवटच्या प्रकरणाबद्दल तर न बोललेले बरे. त्यात घातफलन, व्यस्त फलन आणि लॉगरिथम घालून सूत्रे लिहिलेली असतात. ती सूत्रे कोठे लागतात याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

पाचपट्टे यांचे काम

या संदर्भात मराठवाडा विद्यापीठातील गणितज्ञ बा. गो. पाचपट्टे यांच्या लेखनाकडे पाहणे उद्बोधक ठरते. असमतांवरील त्यांचे ग्रंथ अकॅडेमिक प्रेस (१९९८) आणि एल्सव्हिअर (२००५) या प्रकाशनसंस्थांनी काढले. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) राहून एका विषयात एवढे सातत्य दाखविणारी उदाहरणे थोडी आहेत.

बहिर्वक्र फलनांसंबंधी त्यांची २००३ ची निष्पत्ती अशी: फ आणि ग ही दोन्ही बहिर्वक्र असून ऋण नसतील, आणि प म्हणजे फ(अ)ग(अ) + फ(ब)ग(ब), त म्हणजे फ(अ)ग(ब) + फ(ब)ग(अ) असेल, तर फ आणि ग यांच्या गुणाकाराची सरासरी प/३ + त/६ याहून अधिक नसते. दोन्ही जीवांची समीकरणे गुणून समाकलन करणे एवढीच सिद्धता आहे. दुसऱ्या बाजूची जोड-असमता अशी की मध्यबिंदूवरील गुणाकाराची दुप्पट ही त्या सरासरीत प/६ + त/३ मिळवून येणाऱ्या संख्येहून अधिक नसते. निष्पत्ती लहान असली तरी तिच्यात काटकसर आहे. ० ते १ वर फ आणि ग दोन्ही क्ष घेतल्यास पहिल्या असमतेत १/३ = १/३ आणि दुसरीत १/२ = १/२ अशी समता येते; म्हणजे एकही गुणक ढिला नाही. दोन बहिर्वक्र फलनांचा गुणाकार बहिर्वक्र असेलच असे नाही, त्यामुळे मूळ असमता येथे थेट लागू पडत नाही. म्हणजे प्रश्नही खरा होता. पुढे प्रत्येक नव्या वर्गासाठी याच निष्पत्तीची प्रत निघाली, हा दोष मूळ निष्पत्तीचा नव्हे.

पाचपट्टे यांचे नाव ज्या असमतेला जोडले गेले ती मात्र वेगळी आणि आधीची आहे: १९७३ ची, ग्रॉनवॉल (१९१९) आणि बेलमन (१९४३) यांच्या असमतेचा विस्तार करणारी. अज्ञात फलनाच्या वाढीवर बंधन घालणाऱ्या समाकलाच्या पोटात दुसरा समाकल असेल तर काय करावे, हा तिचा विषय. हा विस्तार एका गरजेतून आला. समाकल-अवकल समीकरणांत, जेथे प्रणालीची आजची स्थिती तिच्या सर्व भूतकाळावर अवलंबून असते, तेथे असा दुहेरी समाकल आपोआप येतो आणि उत्तर एकमेव आहे किंवा मर्यादित राहते हे सिद्ध करण्यासाठी ग्रॉनवॉलची असमता अपुरी पडते. एकाच लेखकाच्या या दोन कामांची तुलना केली तर 'विस्तार' या शब्दाचे वजन कोठे असते हे दिसते. १९७३ च्या असमतेत कोणत्याही नव्या वर्गाचे नाव नाही. समीकरणाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

जेथे विस्तार खरा आहे

सगळेच नवे वर्ग पोकळ आहेत असा अर्थ यातून काढू नये. ब्रेकनर यांनी १९७८ मध्ये मांडलेला एस-बहिर्वक्र फलनांचा वर्ग पाहावा. एस ही ० ते १ मधील संख्या आहे आणि व्याख्येतील भारांना तिचा घात लागतो. द्रागोमिर आणि फिट्झपॅट्रिक यांनी १९९९ मध्ये दाखविले की येथे उजव्या बाजूचा छेद २ ऐवजी (एस + १) होतो. क्ष च्या एस-व्या घाताला ० ते १ वर ही असमता लावली तर समता येते, म्हणजे गुणक सर्वोत्तम आहे. आणि एस १ हून लहान असताना हे फलन बहिर्वक्र नसून अंतर्वक्र असते, म्हणजे वर्ग खरोखर नवा आहे. दोन ओळींत दोन्ही कसोट्या पूर्ण होतात.

सर्वांत समृद्ध विस्तार मात्र अंतराल सोडून प्रतलात पाऊल टाकले की दिसू लागतो. त्रिकोणावरील बहिर्वक्र फलनाची सरासरी गुरुत्वमध्यावरील मूल्याहून कमी नसते आणि तीन शिरोबिंदूंवरील मूल्यांच्या सरासरीहून अधिक नसते. वर्तुळाकार चकतीवर खालची बाजू केंद्राने आणि वरची बाजू परिघावरील सरासरीने मिळते. डावी बाजू सर्व बहिर्वक्र आकृत्यांना सारखीच लागू पडते. उजवी बाजू मात्र आकृतीगणिक बदलते. अंतरालाची टोके दोन, त्रिकोणाचे शिरोबिंदू तीन; या आकृत्यांतील प्रत्येक बिंदू टोकांच्या भारित सरासरीत एकाच प्रकारे लिहिता येतो. चौरसाचे तसे नाही. त्याचा मध्य एका कर्णाच्या दोन टोकांनीही मिळतो आणि दुसऱ्या कर्णाच्या टोकांनीही. मग सरासरीला वरून मर्यादा घालणारे भार कोणते? ० ते १ बाजूच्या चौरसावर (क्ष − य) चा वर्ग हे बहिर्वक्र फलन घेतले तर त्याची सरासरी १/६ येते. (०, ०) आणि (१, १) या कर्णटोकांवर त्याचे मूल्य शून्य आहे. म्हणजे गुरुत्वमध्य जुळला तरी ही दोन टोके सरासरीला आवरू शकत नाहीत. चारही शिरोबिंदूंना समान भार दिला तर मर्यादा १/२ येते आणि असमता टिकते.

ग्युस्ताव शोके यांनी १९५० च्या दशकात उभारलेला सिद्धांत नेमका या ठिकाणी उपयोगी पडतो. बहिर्वक्र आणि संहत संचावरील कोणत्याही भारमापाला वरून आवरणारे, केवळ टोकबिंदूंवर बसलेले एक माप सापडते. मात्र ते एकच असेल याची हमी फक्त त्रिकोणासारख्या, म्हणजे सिम्प्लेक्स म्हटल्या जाणाऱ्या, संचांतच मिळते. एर्मीट यांच्या पत्रातील उजवी असमता ही या सिद्धांताची एकमितीय सावली आहे. पंचकोन, षट्कोन किंवा घन घेऊन कोणते भार चालतात, त्यांतील कोणते सर्वांत काटकसरीचे आहेत आणि ते हाताने काढता येतात काय, हे प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकाच्या आवाक्यातले आहेत. त्यासाठी लागणारे साहित्यही कलनशास्त्र आणि थोडी भूमिती याहून फारसे अधिक नाही.